नडगीतून नाहीसे झालेले दाणे

१

मुरब्याच्या मैनाबाई तांडेलच्या नडगीतून चोरी झाली आहे हे पहिल्यांदा पुष्पलता राऊतच्या लक्षात आलं. ते लक्षात आलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढचे चार दिवस वाटत राहिलं.

पुष्पलता बोईसरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात एक्स-रे काढायची. अकरा वर्षं झाली होती. सन १९९५च्या नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी तिनं मैनाबाईचा फोटो काढला, फिल्म धुतली, वाळवली आणि उजेडाच्या पेटीवर लावली. हाड छान भरलं होतं. दोन स्क्रू जागच्या जागी होते. पण स्क्रूंच्या वर, गुडघ्याखाली, जे दिसायला हवं होतं ते नव्हतं.

मैनाबाई सुक्या मासळीचा धंदा करणारी. आदल्या वर्षी मार्चमध्ये टोपल्यांनी भरलेल्या टेम्पोतून ती पडली आणि नडगीचा वरचा भाग आत दबला. डॉक्टर दिनानाथ सावे यांनी दबलेलं हाड वर उचललं, स्क्रूंनी धरून ठेवलं. खाली पोकळी राहिली. एरवी ती भरायला रोग्याच्याच कमरेचं हाड कापून घेतात, आणि पाय बरा झाला तरी कमरेची जखम महिनोन्महिने ठणकत राहते. मैनाबाईचा सगळा धंदा कमरेवर पाटी घेऊन चालायचा. म्हणून डॉक्टरांनी तिला विचारून, तिच्या संमतीनं, त्या पोकळीत पांढरे दाणे भरले. साबुदाण्याएवढे दाणे होते ते. तारापूरच्या एका छोट्या कारखान्यात, हाडात जे खनिज असतं तेच रसायनांतून तयार करून, भट्टीत भाजून बनवलेले. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या देखरेखीखाली त्यांची चाचणी चालू होती. कमरेतून जाड सुईनं काढलेली थोडी मज्जा डॉक्टर त्यात कालवायचे. दाणे हा नुसता आधार, ते सांगायचे, हाडाला वाढायला लावणारी द्रव्यं त्या मज्जेत असतात.

हे दाणे विरघळत नाहीत. हाड त्यांच्याभोवती वाढतं आणि दाणे वर्षानुवर्षं तसेच राहतात. मैनाबाईच्या आधीच्या पाच रोग्यांच्या फिल्म कपाटात होत्या, आणि प्रत्येकीत ते मिठाच्या खड्यांसारखे ठसठशीत दिसत होते. मैनाबाईच्या फिल्ममध्ये एकही दाणा उरला नव्हता.

डॉक्टर सावे आले, चष्मा काढून फिल्मला नाक लावून उभे राहिले.

"पुष्पलताबाई," ते म्हणाले, "हे दाणे आपण भरलेच नव्हते. कुणीतरी बाटली रिकामी करून आत प्लॅस्टरचे दाणे भरले. प्लॅस्टर पहिल्या फोटोत असंच पांढरं दिसतं आणि दोन महिन्यांत शरीरात विरघळून जातं."

त्या दाण्यांना बाहेर मोल होतं. दुसऱ्या कुठल्याही कारखान्याला नमुना मिळाला असता तर हवाच होता. आणि रुग्णालयातलं प्लॅस्टर एकाच माणसाच्या हातात होतं. जिव्या धोडी. ऑपरेशनची हत्यारं उकळून ठेवणं, बाटल्या निर्जंतुक करणं आणि मोडलेल्या हातापायांना प्लॅस्टर घालणं ही वीस वर्षं त्याचीच कामं.

दुपारपर्यंत जिव्याकडून प्लॅस्टरच्या खोलीची किल्ली काढून घेतली गेली. सोमवारी ट्रस्टची बैठक होती, मुंबईहून चाचणीचे प्रमुख येणार होते. तोवर जिव्यानं कबूल करून राजीनामा द्यावा, नाहीतर प्रकरण पोलिसांकडे जाईल, असं त्याला सांगण्यात आलं.

त्यानं ना नकार दिला, ना होकार. चपला घातल्या आणि तो निघून गेला.

२

पुष्पलतेचं माहेर माकुणसारचं, पानवेलींच्या वाडीतलं. सहा वर्षांपूर्वी तिचे वडील, वामनदादा, नारळावरून पडले आणि खुब्यात मोडले. ऑपरेशन झालं, पण मनानं त्यांनी अंथरूण धरलं. उभं राहायचं नाव घेईनात. तेव्हा दर रविवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, जिव्या माकुणसारला जायचा. दादांच्या काखेत हात घालून त्यांना पडवीत एकेक पाऊल टाकायला लावायचा. चार महिने. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं तर घेत नव्हता; निघताना विड्याची पानं तेवढी मागून न्यायचा. आज दादा वाडीला पाणी लावत होते ते त्या रविवारांमुळे.

म्हणून शुक्रवारी सकाळी पुष्पलता डॉक्टरांपुढे उभी राहिली आणि म्हणाली की सोमवारपर्यंत मला चौकशी करू द्या. डॉक्टर सावे वाईट माणूस नव्हते. रोग्याच्या अंगात काय भरलं याची जबाबदारी त्यांची होती आणि त्या भारानं ते घाईवर आले होते. त्यांनी केसपेपर तिच्या हातात दिले.

पहिली भेट चंद्रकांता सिस्टरची. औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असायची, तेव्हा संशय तिच्यावरही येऊ शकत होता; ते जाणून ती सुरुवातीला तुटकच बोलली. मग मात्र तिनं एक गोष्ट सांगितली. मैनाबाईच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कपाटाला रंग दिला होता, म्हणून ती बाटली दिवसभर प्लॅस्टरच्या खोलीतल्या फळीवर होती.

पुष्पलतेनं ते लिहून घेतलं. तिनं विचारलं की बाटलीचं सील कुणी फोडलं.

"मीच. लाखेचं होतं. शाबूत होतं असंच मला आठवतं," सिस्टर म्हणाली. "पण शपथेवर विचारलंत तर दीड वर्षापूर्वीचं मी कसं सांगू?"

संध्याकाळी पुष्पलता बेटेगावच्या पाड्यावर जिव्याच्या घरी गेली. तो अंगणात बसून कुडाच्या काठ्या सोलत होता. बाटली आपल्या खोलीत होती हे त्यानं लगेच मान्य केलं. मग डॉक्टरांसमोर तोंड का उघडलं नाहीस, असं तिनं जरा रागानंच विचारलं.

"दाणे कुठं गेले ता मला ठावं नाय, बाय," तो म्हणाला. "जा ठावं नाय त्याची शपथ मी कशी घेऊ?"

त्या उत्तरानं तिचा जो काही संशय उरला होता तो संपला. पण सोमवारच्या बैठकीत असलं उत्तर काय कामाचं? रात्रीपुरती तिनं केसपेपरची चळत घरी नेली आणि स्वयंपाक आटोपून एकेक कागद वाचू लागली. ऑपरेशननंतरचा फोटो: मार्च चौऱ्याण्णव. त्यानंतर एकदम कालचा. मध्ये एक नोंद होती, डॉक्टर सावे प्रशिक्षणासाठी बाहेर असताना बदली डॉक्टरांनी केलेली. जुलै चौऱ्याण्णव, चार महिन्यांनंतर, एक फोटो काढला होता. प्लॅस्टर असतं तर चार महिन्यांत ते नाहीसं झालेलं असणार. दाणे असते तर दिसणार. सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्या एका फिल्ममध्ये होतं.

पाकिटात ती फिल्म नव्हती.

३

शनिवारी सकाळी पुष्पलता मुरब्याला पोचली तेव्हा मैनाबाई बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडीशी उभी होती. उकिडवी बसत होती, उठत होती, वरच्या काठीला हात पुरवत होती. पुष्पलता क्षणभर नुसती बघत राहिली. जिच्या पायात काही भरलंच नाही असं म्हणत होते, ती बाई अशी काम करत होती.

मैनाबाईनं तिला सावलीत बसवलं, चहा दिला. दाणे गायब आहेत हे ऐकून तिनं आपला गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाली, "माजा पाय माज्या जागेव हाय. कोन काय नेनार?" जिव्याचं कळल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. मधल्या फोटोची आठवण तिला पक्की होती. तेव्हा मोठे डॉक्टर नव्हते, म्हणून ते आल्यावर दाखव असं सांगून फिल्म तिच्याच हातात दिली होती. ती घरातच राहिली.

"मग आता कुठंय, मावशी?"

मैनाबाई ओशाळली. "गिरान लागला ना दिवालीत. पोरांनी तिचे तुकडे केले."

दिवाळीतल्या त्या सूर्यग्रहणाला अख्ख्या किनाऱ्यावर पोरांनी एक्स-रेच्या फिल्मा कापल्या होत्या. डोळ्यांना ती युक्ती बरी नव्हे, पण त्या दिवशी कोण कुणाचं ऐकतंय? मैनाबाईच्या फिल्मचे चार तुकडे झाले होते आणि चार घरांत गेले होते. पुष्पलता आणि मैनाबाई दारोदार फिरल्या. एक तुकडा पत्र्याच्या डब्यात सापडला. त्यावर नुसती पोटरी आणि कोपऱ्यात फिल्मचा नंबर होता. दुसरा समुद्रात गेला होता. तिसरा कुणालाच आठवेना.

शेवटी त्या मैनाबाईच्या जावेकडे, शालूकडे गेल्या. शालूनं हात झटकले. तिच्याकडे असलं काही नव्हतं. पुष्पलता परत फिरणार तोच तिची नजर चुलीमागच्या खिडकीकडे गेली. खिडकीची एक काच फुटलेली होती आणि तिथं धुरानं काळवंडलेलं काहीतरी चिकटवलेलं होतं. पुष्पलतेनं ओल्या फडक्यानं ते पुसलं. बाहेर ऊन चढलं होतं. उजेड आरपार आला आणि खिडकीत मैनाबाईचा गुडघा उभा राहिला.

दोन्ही स्क्रू होते. कापलेली कड पोटरीच्या तुकड्याला बरोबर जुळत होती.

आणि स्क्रूंच्या वर, पोकळीत, पांढरे दाणे होते.

४

म्हणजे ते प्लॅस्टर नव्हतं. पण पुष्पलतेला हायसं वाटलं ते फार वेळ टिकलं नाही. तिनं फिल्म पुन्हा उन्हात धरली. इतर पाच रोग्यांचे दाणे दोन-दोन वर्षांनीही टोकदार होते. हे चार महिन्यांतच कडांनी पुसट झाले होते. ते प्लॅस्टर नव्हते, आणि ते खरे दाणेही नव्हते. मग ते होते तरी काय? आणि ते बाटलीत कुणी भरले?

ऑपरेशनच्या नोंदीत बाटलीवरचा बॅच नंबर उतरवलेला होता: सात. आधीच्या पाचांचे नंबर पाचच्या किंवा सहाच्या बॅचचे होते. दुपारच्या पाळीच्या बसमधून कामगारांबरोबर ती तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उतरली.

कारखाना टूथपेस्टसाठी लागणारी पावडर बनवायचा. मागच्या एका शेडमध्ये या दाण्यांचं काम चाले. त्याचे प्रमुख कमलाकांत चुरी, पन्नाशीचे रसायनतज्ज्ञ. बाटल्यांवर लाखेचं सील ते स्वतः करायचे. पुष्पलतेनं दोन्ही तुकडे जोडून त्यांना दाखवले. त्यांनी ते पाहिले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. सातव्या बॅचचं रजिस्टर मागितलं तेव्हा ते आधी म्हणाले की सापडत नाही, मग म्हणाले की मालकांची परवानगी लागेल.

"चुरीसाहेब," ती म्हणाली, "तिकडे एका माणसाची वीस वर्षांची नोकरी चाललीय."

त्यांनी कपाट उघडलं. रजिस्टर समोरच होतं. ते का घाबरत होते तेही त्यांनी सांगितलं. दाणे खरोखर कोणत्या खनिजाचे आहेत हे ओळखायचं यंत्र इथं नव्हतं, मुंबईला नमुना पाठवावा लागे, आणि खर्च परवडत नाही म्हणून दर तिसरीच बॅच तपासली जाई. तिसरी, सहावी, नववी. सातवी कुणी तपासलीच नव्हती. हे बाहेर आलं तर चाचणी बंद होईल, या भीतीनं ते गप्प होते.

पुष्पलता पानं उलटू लागली. रसायनाच्या पातेल्यात अमोनिया थेंब थेंब सोडत राहायचा आणि दर अर्ध्या तासानं पीएच मोजून लिहायचा, अशी पद्धत होती. सहाव्या बॅचचे आकडे होते दहा पॉइंट सहा, दहा पॉइंट चार, दहा पॉइंट सात, दहा पॉइंट पाच. आठव्या बॅचचेही तसेच खालीवर. सातव्या बॅचला दुपारी दोनपर्यंत तसेच. दोननंतर मात्र दहा पॉइंट पाच. पुन्हा दहा पॉइंट पाच. संध्याकाळी सहापर्यंत आठ वेळा तोच आकडा, एकाच शाईत, एका सरळ ओळीत.

तिनं ते लगेच ओळखलं, कारण नवीन असताना फिल्म धुण्याच्या द्रावणाचं दिवसभराचं तापमान तिनंही एकदा असंच एका बैठकीत लिहून टाकलं होतं. हे आकडे मोजलेले नव्हते. भरून काढलेले होते.

"दोननंतर अमोनिया बंद झाला असेल तर काय होईल?" तिनं विचारलं.

चुरींनी त्या सरळ ओळीवरून बोट फिरवलं. मग ते हळूच म्हणाले, "मग भट्टीतून ट्रायकॅल्शियम फॉस्फेट निघेल. दिसायला हुबेहूब असतं. तेही हाडात घालतात, परदेशात वापरतातच. पण ते टिकून राहत नाही. हाड पुढे सरकतं तसं तसं ते झिजतं आणि जागा रिकामी करून देतं. वर्ष-दीड वर्षात संपतं."

रजिस्टरमध्ये त्या आठ ओळींपुढे सही होती. दामू मेहेर.

५

पाळी सुटल्यावर दामू गेटाबाहेरच्या चिंचेखाली सायकल घेऊन उभा होता. तीसेक वर्षांचा, शांत चेहऱ्याचा माणूस. चुरीसाहेबांबरोबर रजिस्टर घेऊन आलेली अनोळखी बाई पाहिली आणि त्यानं सायकल स्टँडला लावली. त्याला काही विचारावं लागलं नाही. दीड वर्ष तो कुणीतरी विचारील याचीच वाट पाहत असावा.

त्या दिवशी गाळणीवर मंदा नावाची कामगार होती. तिला सहावा महिना होता, आणि ते तिनं साडीआड लपवलं होतं, कारण गरोदर बाईला शेडमध्ये ठेवायचं नाही असा नियम होता आणि घरी राहिलेल्या बाईला परत कामावर घेतील याची खात्री नव्हती. दुपारी अमोनियाच्या वाफेनं तिला उलट्या सुरू झाल्या, डोळे फिरले.

"तिला बाहेर नेली असती तर सगळ्यांना कळलं असतं," दामू म्हणाला. "मी अमोनियाचा वाल बंद केला आणि तिला खिडकीशी बसवली. म्हटलं, पाच मिंटं. पन जरा सोडला की ती परत वकायची. पाळी संपेस्तो वाल बंदच राहिला. पावडर तर तशीच पांढरी दिसत होती. मला काय ठावं, ती मान्साच्या पायात जाऊन असं करील म्हनून?"

पुष्पलतेनं त्याला समजावून सांगितलं की मैनाबाई ठणठणीत आहे. मग म्हणाली की वाल बंद केलास ते मी समजू शकते. खोटे आकडे लिहिलेस ते नाही, कारण त्या आकड्यांपायी दुसराच माणूस अडकलाय. हे मी लपवणार नाही, पण का झालं तेही सांगितल्याशिवाय राहणार नाही. दामूनं मान खाली घातली. चुरीसाहेब मात्र मध्येच बोलले. म्हणाले, नियम मी केला होता, तपासणी मी टाळली होती. सोमवारी दामूच्या आधी मी उभा राहीन.

एवढं झाल्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण एसटीच्या थांब्यावर उभी असताना पुष्पलतेच्या मनात आलं की डॉक्टर हे मानतील का? ते म्हणतील, कारखान्यात चूक झाली असेल, पण आमच्या बाटलीत तेच होतं कशावरून? जिव्यानं ते काढून तिसरंच काही भरलं नसेल कशावरून?

ती धावत परत गेली. सातव्या बॅचच्या बाटल्या किती आणि कुठं गेल्या, हे तिनं विचारलं. चार, चुरी म्हणाले. दोन राखीव म्हणून इथंच फळीवर होत्या, आणि दोन बोईसरला दिल्या होत्या. म्हणजे सातव्या बॅचची आणखी एक बाटली कुणाच्या तरी हाडात होती.

६

केसपेपरांत शोधल्यावर तो माणूस उमरोळीचा सुका निघाला. ताडी काढायला चढलेला असताना पडून त्याची टाच फुटली होती; मे चौऱ्याण्णवमध्ये टाचेच्या पोकळीत दाणे भरले होते. पाय बरा झाला तसा तो पुन्हा रुग्णालयाकडे फिरकला नव्हता. पुष्पलतेनं रविवारी सकाळी हजेरीचं बुक उघडून मे महिना काढला. मुलीच्या लग्नासाठी जिव्या तेव्हा तीन आठवडे रजेवर होता. सुकाची बाटली त्याच आठवड्यांत आली आणि वापरली गेली; तिला त्याचा हातही लागलेला नव्हता.

तिनं मग एक धाडस केलं. सुकाला भेटण्याआधीच ती डॉक्टर साव्यांच्या घरी गेली, त्यांना सगळं सांगितलं, आणि म्हणाली की सुकाच्या टाचेतले दाणेही गेलेले असतील. गेलेले असले तर जिव्या निर्दोष. दाणे जागेवर असले तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि मान डोलावली. बाहेर पडल्यावर तिला कळलं की आपण दुसऱ्याच्या भाकरीवर पैज लावून आलो आहोत.

सुका भाताच्या झोडणीत होता. पाय बरा आहे तर फोटो कशाला, असं त्याचं म्हणणं. खळ्यावरचं काम टाकून तो येईना. तिनं जिव्याचं नाव काढलं तेव्हा त्यानं हातातला भारा खाली ठेवला. रजेवरून परतल्यावर त्याच्या पायाचं प्लॅस्टर जिव्यानंच कापलं होतं. करवतीला घाबरून सुका ओरडत होता, तर जिव्यानं ती आधी आपल्या हाताच्या तळव्यावर फिरवून दाखवली होती.

सोमवारी सकाळी आठाला सुका उमरोळीहून सायकल मारत आला. पुष्पलतेनं फोटो काढला. अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, द्रावणात फिल्म हलवत ती उभी राहिली. दाराबाहेर डॉक्टर सावे येरझारा घालत होते, त्यांच्या बुटांचा आवाज तिला ऐकू येत होता. फिल्मवर आधी टाचेची कड उमटली. मग आतलं हाड. ती वाट पाहत राहिली. आणखी काही उमटलं नाही.

ओली फिल्म तशीच घेऊन ती बाहेर आली. डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. टाचेत एकही दाणा नव्हता. पोकळी होती तिथं हाड भरलं होतं, जाळीदार, जिवंत.

दहाच्या बैठकीत चुरी उभे राहिले, मग दामू. मुंबईच्या प्रमुखांनी राखीव बाटल्या ताब्यात घेतल्या आणि यापुढे प्रत्येक बॅच तपासल्याशिवाय एक दाणाही बाहेर जाणार नाही असं लिहून घेतलं. चाचणी तोवर थांबवली. पंधरा दिवसांनी तपासणीचा निकाल आला: ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. दोन रोग्यांवरून काही सिद्ध होत नाही, पण दोघांचंही हाड पूर्ण भरलं आहे, असं त्यांनी अहवालात प्रामाणिकपणे नमूद केलं. कारखान्यानं दामूला एक महिना घरी बसवलं आणि परत घेतलं. गरोदर बायकांना पॅकिंगचं काम देण्याचा नियम चुरींनी मालकांकडून करून घेतला.

पण त्या सोमवारी, बैठक संपल्यावर, डॉक्टर सावे कुणाला काही न सांगता रिक्षानं बेटेगावला गेले. पाड्यावर जिव्याच्या अंगणात उभं राहून त्यांनी त्याची माफी मागितली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. जिव्यानं काय उत्तर दिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. रिक्षात मात्र दोघं शेजारी बसून आले.

मैनाबाईला ज्याच्या हातून हे झालं तो माणूस पाहायचा होता. पुढच्या रविवारी दामू रुग्णालयात आला, आणि त्याच्याबरोबर मंदाही आली, दीड वर्षाची लेक कडेवर घेऊन. दामूला शब्द सुचेनात. मैनाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लपवलंस ता वाईट केलंस," ती म्हणाली. "जिव्याचा संसार उठला असता. पन हिला खिडकीशी बसवलीस ता बरा केलास." मग तिनं पोर आपल्याकडे घेतली आणि मंदाला विचारलं की हिला मासळी सोसते का. जाताना सुक्या बोंबलांची जुडी तिनं मंदाच्या पिशवीत घातली. दामूलाही दिली, पण जरा लहान.

सगळे गेल्यावर जिव्या एक्स-रेच्या खोलीच्या दारात घुटमळला. वीस वर्षांत त्यानं शेकडो मोडलेली हाडं हातात धरली होती. फोटो मात्र त्याला कुणी कधी दाखवला नव्हता. मैनाबायचा पाय बघू का, असं त्यानं विचारलं. पुष्पलतेला स्वतःचीच लाज वाटली. तिनं पेटीचा दिवा लावला, फिल्म अडकवली, आणि पोकळी कुठं होती, स्क्रू कुठं आहेत, दाणे कुठं होते, सगळं बोट ठेवून दाखवलं.

जिव्यानं दाण्यांच्या जागेवर बोट ठेवलं.

"मंग आता ह्या जागेव हाड कोनी आनला?"

"तिचं तिनंच केलं, जिव्याभाऊ. आपण नुसतं काही दिवस धरून ठेवलं होतं."

"धराया पन कोनी लागतोच," जिव्या म्हणाला, आणि बाहेर कुणीतरी हाक मारली म्हणून प्लॅस्टरच्या खोलीकडे गेला.